बानूच्या मुठीतली लोकर

हिंदुराव गुरुजींच्या वर्गात दोनच हुकूम चालायचे. एक ‘हाताची घडी’ आणि दुसरा ‘तोंडावर बोट’. सत्तावीस वर्षं नोकरी झाली, सहा गावांचं पाणी पिऊन झालं, पण तिसऱ्या हुकमाची गरज त्यांना कधी पडली नव्हती. पोराचा हात हलला म्हणजे लक्ष उडालं आणि लक्ष उडालं म्हणजे वर्ष बुडालं, असा त्यांचा सरळ हिशोब. हा हिशोब चुकत असेल अशी शंका त्यांना कधी आली नाही. येणार तरी कुठून? हाताची घडी घातलेली पोरं लांबून मोठी शहाणी दिसतात.

गुरुजी मूळचे कोऱ्हाळे बुद्रुकचे, ऊसवाल्यांच्या घरातले. १९९४ च्या जूनमध्ये त्यांची बदली झाली ती निमगाव केतकीपासून पाच किलोमीटर आत, खरातवस्तीवर. दोन खोल्यांची शाळा, चौथीपर्यंतची. वस्तीवर बहुतेक धनगरांची घरं. एके काळी सगळ्यांची मेंढरं होती; आता विहिरी झाल्या, डाळिंबं लागली, कुणी ट्रॅक्टरवर गेलं, कुणी कारखान्यात चिकटलं. मेंढरं राहिली ती दोन-तीन घरांत.

त्यातल्याच एका घरातली बानू. चौथीत होती. अंगानं काडी, डोळे टपोरे आणि हात म्हणाल तर देवाला दंडवत! ते कधी थांबतच नसत. वर्गात बसायला तरटाच्या लांब पट्ट्या होत्या. बानू जिथं बसे तिथल्या तरटाचा दोरा न् दोरा ती उसवून काढी, बोटांवर पिळी, सोडी, पुन्हा पिळी. दिवाळीपर्यंत तिच्याखालचं हातभर तरट गायब झालं आणि पोरगी उघड्या फरशीवर आली.

“बानू! हाताची घडी!”

बानू दचकून घडी घाली. मग गुरुजी विचारत, “आठ साते?” बानू छताकडं बघे, दाराकडं बघे, आणि तिच्या डोळ्यातलं तेज दिवा विझावा तसं जाई. सगळा वर्ग ‘छप्पन्न’ म्हणून ओरडला तरी ती गप्प. गुरुजींनी मनातल्या मनात शिक्का मारून टाकला होता, की पोरगी ढ आहे, वर नासधूस करणारी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी ठरवलं, की आता घरी जाऊन कानावर घालायचंच. संध्याकाळी शाळा सुटल्यावर फाटकं तरट गुंडाळून त्यांनी सायकलच्या कॅरिअरला बांधलं, पोलीस मुद्देमाल नेतात तसं, आणि निघाले.

बानूचे आजोबा आबाजी घराच्या पुढं उभे होते. डोक्याला लाल मुंडासं, हातात फिरती टकळी, काळ्या लोकरीचा धागा बोटांतून सुटत चाललेला. नजर मात्र समोरच्या बाभळीच्या काट्यांच्या कुंपणाकडं. मेंढरं माळावरून परतत होती आणि फटीतून एकमेकांच्या अंगावर पडत आत घुसत होती. फटीशी दगडावर बानू बसली होती. तिच्या मुठीत लोकरीचा पुंजका, आणि बोटं त्याला पीळ देत होती.

गुरुजींनी सवयीनं मेंढरं मोजायला घेतली. सतरापर्यंत आले आणि घोटाळा झाला. सगळी काळी, सगळी सारखी, धूळ ही अशी!

“किती गं?” आबाजींनी विचारलं.

“मोठी त्रेचाळीस, कोकरं अकरा. आन त्यातलं येक आपलं न्हाय, आबा. म्हस्कूनानाचं हाय. त्येच्या कानाला चिरा हाय.”

आबाजी आत गेले आणि कान चिरलेलं एक कोकरू बगलेत धरून बाहेर आले.

गुरुजी तक्रार विसरूनच गेले. त्यांनी सायकल कुंपणाला टेकवली आणि बानूसमोर उकिडवे बसले. “बानू, आठ साते?”

“छप्पन्न.”

बोटं पीळ देतच होती. गुरुजी सावरून बसले. “सत्तावीस चौदा?”

पोरगीनं पापणीसुद्धा लववली नाही. “तीनशे अठ्ठ्याहत्तर.”

सत्तावीस चौदा हा पाढ्यातला सवाल नव्हे; तो डोक्यात मांडावा लागतो. गुरुजींच्या मनात काहीतरी लखलखलं. “आता लोकर खाली ठेव. हाताची घडी घाल. हां. सोळा तेरा?”

बानूनं घडी घातली. ओठ हलले. नजर मेंढरांवरून बाभळीवर, बाभळीवरून आभाळात गेली. “एकशे... दोनशे...” तिचे डोळे भरून आले.

“घे, घे! लोकर घे परत!” गुरुजी जवळजवळ ओरडलेच.

पुंजका मुठीत आला, बोटांनी पहिला पीळ घातला, आणि, “दोनशे आठ.”

गुरुजी ताडकन उभे राहिले. त्यांनी पुन्हा घडी घालायला लावली, पुन्हा सोडायला लावली. पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा तेच! पन्नाशीला टेकलेला तो माणूस धुळीत उभा राहून लहान पोरासारखा टाळ्या वाजवायला लागला, तेव्हा आबाजींना वाटलं, गुर्जींना ऊन लागलं.

“आबा, हे कसं काय?”

“त्यात काय नवाल?” आबाजी म्हणाले. “माझ्या बापानं मला शिकीवलं, मेंढरामागं जायचं तर टकळी घिऊन जायचं. हात रिकामा ऱ्हायला की मानूस झाडाखाली बसतंय, मग डोळा लागतोय, आन लांडगा काय वाट बघत न्हाय. हात कामाला लावला की नजर जागी ऱ्हाती. आमच्यात समदी असंच करत्यात. तुमच्या साळंत न्हाय व्हय करत?”

गुरुजींच्या डोळ्यांपुढून सहा शाळांतली पोरं सरकत गेली, घडी घातलेली, छताकडं बघणारी. त्यातली किती जणं ढ नव्हती, हा विचार आला आणि त्यांचा जीव कासावीस झाला. ते तसेच निघाले आणि पाच किलोमीटर चालत, स्वतःशी बोलत निमगावातल्या आपल्या खोलीवर पोचले. सायकल आणि मुद्देमाल दोन्ही आबाजींच्या दारात राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला सांगितलं, “उद्या येताना मुठीत मावेल अशी एकेक वस्तू घेऊन या.”

आता पोरांना एवढं सांगायचं म्हणजे काय, हे गुरुजींना कळायला हवं होतं. प्रतीक्षा आईच्या जुन्या बांगड्या घेऊन आली. त्या दिवसभर किणकिणत होत्या. दोघांनी शेंगदाणे आणले होते, ते पहिल्या तासालाच संपले. दादासोनं काड्यापेटीत भुंगा आणला होता. तो भूगोलाच्या तासाला सुटला आणि सगळा वर्ग त्याच्या मागं व्हरांड्यात गेला. गुरुजींचा हात छडीकडं गेलाच होता. पण कोपऱ्यात बानू आपल्या जागेवर बसलेली, मुठीत लोकर, आणि फळ्यावरचं गणित तिनं एकटीनं सोडवून ठेवलेलं. गुरुजींनी हात मागं घेतला.

मग त्यांनी दोन नियम केले. वस्तूचा आवाज होता कामा नये, आणि वस्तूकडं बघता कामा नये. बघितलं की ती गुरुजींच्या टेबलावर. खाण्याच्या आणि जिवंत वस्तू बाद. आठ दिवसांत वर्ग मार्गी लागला. कुणाच्या मुठीत चिंचोका, कुणाच्या गुळगुळीत गारगोटी, दादासोच्या हातात सुतळीच्या गाठी. सात-आठ पोरांना काहीच लागत नव्हतं, ती तशीच बरी होती. पहिले काही दिवस एवढे हात एकदम हलताना पाहून गुरुजींचा स्वतःचा जीव वरखाली व्हायचा. पण सवाल विचारला की इतक्या ठिकाणाहून उत्तर येई की ते फळ्याकडं तोंड करून हसू लपवत. रोज नवं काहीतरी सापडत होतं. दादासोला सुतळी दिली की शुद्धलेखन सुधारतं, पण कविता म्हणताना ती काढून घ्यावी लागते, असलं सगळं ते एका वहीत लिहायला लागले. तीन महिने त्यांनी पोरांच्या तोंडाकडं कमी आणि हातांकडं जास्त पाहिलं.

आणि बानू? बानू उधळलेल्या वासरासारखी सुटली होती. तिला थांबवायचं कसं, हाच प्रश्न होता.

जानेवारीत इंदापूरहून परिपत्रक आलं. फेब्रुवारीअखेर चौथीच्या मुलींची तोंडी गणिताची स्पर्धा, तालुक्याची. पहिली येणाऱ्या मुलीला बारामतीतल्या एका वसतिगृहात दहावीपर्यंत जागा. राहणं, जेवण, शाळा सगळं. परिपत्रक हातात घेऊन गुरुजी तडक बानूचा बाप जोतीराम याच्या डाळिंबात गेले.

जोतीराम मितभाषी माणूस. ऐकून घेतलं, हातातली कात्री खाली ठेवली. “गुर्जी, पोरगी चौथी झाली की घरी बसणार. पाचवीला निमगावला धाडायची म्हंजी रोज पाच किलोमीटर. मधी वढा. येकली पोरगी मी धाडत न्हाय.”

“म्हणून तर वसतिगृह, जोतीराम. पहिली आली तर प्रश्नच मिटला.”

“आन दुसरी आली तर?”

गुरुजी परिपत्रकाची घडी घालू लागले.

“पैली आली तर धाडीन. सबूद देतो. दुसरी आली तर तुमी पुन्यांदा हा इषय काढायचा न्हाय. तुमी बी सबूद द्या.”

गुरुजींनी शब्द दिला.

स्पर्धेच्या दिवशी इंदापूरच्या त्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. एकतीस शाळांच्या मुली, त्यांचे गुरुजी, बाई, आईबाप. आबाजी आणि जोतीराम मागच्या भिंतीला टेकून उभे. परीक्षक म्हणून पुण्याहून एक मोठे साहेब आले होते. कागद न घेता, तोंडानं सवाल घालायचे आणि उत्तरही तोंडानंच पडताळायचे, हा त्यांचा लौकिक. उंचेपुरे, करड्या मिशांचे, आवाज खणखणीत. व्यासपीठावर येरझारा घालत एकामागून एक सवाल फेकत होते. चुकली की मुलगी खाली.

बानूचा उजवा हात फ्रॉकच्या खिशात होता. साहेबांनी सवाल टाकावा आणि बानूनं तो वरच्या वर झेलावा! पंचेचाळीस अठरा? आठशे दहा. हजारातून तीनशे सदुसष्ट? सहाशे तेहेतीस. एकेक मुलगी उतरत गेली. वीस राहिल्या, नऊ राहिल्या, चार राहिल्या. हट्टानं बरोबर आलेला दादासो पुढच्या रांगेत बाकावर उभा राहून नाचत होता आणि गुरुजींना त्याला खाली बसवायचं भान नव्हतं. शेवटी दोघीच उरल्या, बानू आणि इंदापूरच्याच एका शाळेतली स्वराली. आता जिची पाच उत्तरं आधी होतील ती पहिली. आळीपाळीनं सवाल. दोघींची दोन-दोन झाली.

तेवढ्यात साहेब थांबले. “मुली, खिशात काय आहे? चिठ्ठी?”

बानूनं हात बाहेर काढला. साहेबांनी मूठ उघडली आणि दोन बोटांनी काळ्या लोकरीचा पुंजका वर धरला. “हे काय? इथं काय मेंढरं वळायला आलीस?”

खसखस पिकली. मागं जोतीरामनं मान खाली घातली. साहेबांनी पुंजका टेबलावर टाकला. “हाताची घडी!”

बानूनं घडी घातली. पुढचा सवाल चुकला. स्वरालीचा बरोबर आला. बानूचा पुन्हा चुकला, स्वरालीचा पुन्हा बरोबर. चार आणि दोन. पोरगीची नजर छताला लागली होती. वर्गात दिवाळीपर्यंत पाहिलेली तीच विझलेली नजर. एक उत्तर, फक्त एक, आणि सगळं संपणार होतं.

“साहेब,” गुरुजी उभे राहिले. “तिची लोकर तिला द्यावी. ती चिठ्ठी नाही. हातात लोकर असली की तिचं चित्त लागतं.”

“गुरुजी, तुमची नोकरी किती झाली? हात चाळवणाऱ्या पोराचं चित्त लागतं कधी?”

हे वाक्य गुरुजींनी स्वतः हजार वेळा म्हटलेलं होतं. पण तीन महिने हात बघून बघून त्यांच्या नजरेला दुसरीच सवय लागली होती. ती आपोआप साहेबांच्या हातावर गेली. साहेबांच्या उजव्या हाताच्या बोटात गाडीच्या किल्ल्यांचं कडं होतं, आणि किल्ल्या गरागरा फिरत होत्या. गुरुजींना आठवलं, सकाळपासून त्या अशाच फिरत होत्या. सवाल सुरू झाला की फिरायच्या, उत्तर मिळालं की थांबायच्या.

सत्तावीस वर्षांत त्यांनी साहेबापुढं कधी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. “साहेब, माफी असावी. एकच विनंती आहे. पुढचा सवाल तेवढा किल्ल्या टेबलावर ठेवून, हाताची घडी घालून विचारा.”

कुणीतरी “आयला!” म्हणालं. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण माणूस आपल्या लौकिकाचा पक्का. किल्ल्या खण्णकन टेबलावर टाकून त्यांनी घडी घातली. “त्यात काय? ऐका. एका बागेत डाळिंबाच्या एकोणीस ओळी. दर ओळीत चोवीस झाडं. त्यातली... पाऊस न झाल्यानं... दर तिसऱ्या ओळीतली...” साहेब थांबले. उजवा हात घडीतून सुटून टेबलाकडं निघाला, मध्येच अडखळून परत आला. “त्यातली... ओळी किती म्हणालो मी?”

“एकोनीस!” आबाजी मागून ओरडले. “सायेब, घ्या त्या किल्ल्या हातात, उगं तरास नगा करून घिऊ!”

असा हशा उसळला की पत्र्यावरची पारवी उडाली. साहेब लालबुंद झाले. गुरुजींना वाटलं, आता आपली बदली थेट भोरच्या डोंगरात. साहेबांनी किल्ल्यांकडं पाहिलं, लोकरीकडं पाहिलं, मग बानूकडं पाहिलं. आणि मिशीतल्या मिशीत त्यांना हसू फुटलं. ते आवरेना, तेव्हा त्यांनी सरळ रुमाल काढून डोळे पुसले.

“गुरुजी, तीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही,” ते म्हणाले. त्यांनी पुंजका उचलून बानूच्या हातात ठेवला. “चुकलेली दोन मात्र चुकलेलीच. तिला आता तिन्ही बरोबर आणावी लागतील, आणि या मुलीचं मध्ये एकही येता कामा नये. मंजूर?”

बानूनं मान हलवली. बोटांनी पीळ घातला.

पहिलं आलं. स्वरालीचं चुकलं, या गोंधळात तिचंही चित्त विचलित झालं होतं बिचारीचं. दुसरं आलं. स्वराली उत्तराच्या अगदी जवळ जाऊन पाचानं हुकली. चार आणि चार.

साहेबांच्या किल्ल्या फिरायला लागल्या. “नीट ऐक. बारामतीहून एस.टी. निघाली. आत छप्पन्न माणसं. अंथुर्ण्याला एकोणीस उतरली आणि सव्वीस चढली. निमगाव केतकीला गाडीतला तिसरा हिस्सा उतरला, चढलं कुणी नाही. इंदापूरला गाडी आली तेव्हा आत माणसं किती?”

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. त्यांचा स्वतःचा हिशोब अंथुर्ण्यालाच उतरून गेला होता.

“बेचाळीस,” बानू म्हणाली. आणि साहेब तोंड उघडायच्या आत तिनं पुढं जोडलं, “डायवर-कंडक्टर धरलं तर चव्वेचाळीस. पर त्ये छपन्नात हायती का न्हाय, त्ये तुमी सांगितलंच न्हाय.”

साहेबांनी दोन्ही हात वर केले. मग काय झालं ते गुरुजींना धड आठवत नाही. दादासो बाकावरून पडला, आबाजींनी मुंडासं हवेत फेकलं, कुणीतरी गुरुजींनाच उचललं. गर्दीतून वाट काढत ते व्यासपीठापाशी आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

टेबलाशी साहेब वसतिगृहाचा अर्ज भरत होते. बानूचं नाव लिहून झालं, गाव लिहून झालं. पालकाची सही म्हणून त्यांनी कागद पुढं सरकवला. जोतीरामनं सावकाश सही केली, पण पेन परत दिलं नाही.

“सायेब, असला अजून येक कागद मिळंल का?”

“कशाला?”

“धाकटी हाय दुसरीत. दोन वर्सांनी तीबी चौथीत यील.”

साहेब हसले. “नाव काय तिचं?”

जोतीरामनं पेन बोटांत गच्च धरलं. “साळंत नकोशी लिवलंय,” तो म्हणाला. “तुमी जागा रिकामी ठिवा, सायेब. घरी जाऊन चांगलं नाव ठरीवतो आन सोमवारी गुर्जींसंगं धाडतो.”